झुंबरबाईचं पान

ज्या वेळी आसारामनं नदीवर शब्द दिला, त्या वेळी गीताबाई घरी अंगण सारवत होती. शब्द देणारा बाहेर आणि निभावणारी घरात, हे त्या दोघांच्या संसारात नवं नव्हतं. आसाराम तोंडाचा सढळ माणूस. कोणाच्या लग्नाला बैल देतो म्हणायचा, कोणाच्या घराचं माळवद घालायला येतो म्हणायचा, आणि ऐन वेळी त्याच्या पाठीत चमक भरायची. पण ते सगळे शब्द जिवंत माणसांना दिलेले होते. जिवंत माणसं रुसतात, चार दिवस बोलत नाहीत आणि विसरून जातात. या खेपेला त्यानं शब्द दिला तो मेलेल्या बाईला.

ती बाई म्हणजे झुंबरबाई, त्यांची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. तिचा नवरा तरणाताठा गेला, भावकीनं रान आपसात वाटून घेतलं, आणि तिच्या वाट्याला एक खोली, एक शेळी आणि राधाकिशन एवढं उरलं. राधाकिशन तिचा एकुलता एक मुलगा, जन्मापासून अधू. दोन्ही पाय वाळलेले, डावा हात छातीशी आखडलेला, मान एका अंगाला कललेली. शब्द त्याच्या तोंडात घोळत घोळत बाहेर यायचा. थांबून ऐकलं तर नीट कळायचा, पण थांबायला वेळ कोणाला होता? गावानं त्याला खुळा ठरवून टाकलं आणि आपली सुटका करून घेतली. तिशीला आलेल्या त्या गड्याला झुंबरबाई पाठीवर घेऊन हिंडायची. रानात न्यायची, दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा तिथं न्यायची, सोनपेठच्या बाजाराला जातानासुद्धा न्यायची. शिमगा झाला आणि ती तापानं गेली.

दहाव्याला माणसं गोदावरीवर गेली. पिंड मांडला. बाभळीवर कावळे चांगले भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. चैत्राचं ऊन, पायाखाली तापलेली वाळू, आणि सकाळपासून कोणाच्या पोटात काही नाही, कारण कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही. पलीकडे झाडाखाली पिठलं शिजून तयार होतं आणि त्याचा वास वाऱ्यावर येत होता. भावकीतले वडीलधारे दत्तराव हात जोडून म्हणाले, वर्षश्राद्ध दणक्यात करू. कावळा हलला नाही. दुसरा म्हणाला, शेळी खाटकाला विकणार नाही. तिसऱ्यानं मारुतीला तिच्या नावानं दिवा कबूल केला. बाईचा जीव कशात अडकला होता हे न कळायला कोणी दूधखुळं नव्हतं. ज्याच्यात अडकला होता तो तिथंच वाळूत पोत्यावर बसवलेला होता. पण त्याचं नाव काढलं की तो गळ्यात पडणार, म्हणून सगळे त्या नावाच्या आजूबाजूनं फिरत होते.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला तेव्हा आसाराम उठला. त्याला पित्त चढलं होतं, डोकं ठणकत होतं. तो पिंडासमोर गेला आणि म्हणाला, "झुंबरकाकू, राधाकिशनला मी सांभाळतो. घे आता."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर बसला होता. माणसांच्या अंगावर काटा आला, आणि मग माणसं जेवायला गेली.

हे सगळं गीताबाईला दिवेलागणीला कळलं, दारात गाडी उभी राहिली आणि आसाराम म्हणाला, "जरा हात लाव," तेव्हा. गाडीत राधाकिशन होता. ओठ कोरडे पडलेले, पायाला वाळू चिकटलेली. गीताबाईनं त्याचे पाय धरले. ते पाय इतके हलके होते की तिला वाटलं, बाकीचा माणूसही असाच हलका असेल. तो नव्हता.

लेकरू असतं तर कडेवर घेतलं असतं. म्हातारं माणूस असतं तर चार वर्षांचा प्रश्न होता. पण हा तिशीतला पुरुष, गावच्या नात्यानं दीर, आणि त्याला परसाकडे नेण्यापासून अंघोळ घालण्यापर्यंत सगळं करायचं. आसाराम सकाळी त्याला उचलून ओट्यावर ठेवायचा आणि मोठं काम केल्यासारखा हात झटकून रानात जायचा. पुढचा दिवस गीताबाईचा. पहिल्या दिवशी धोतर बदलताना तिनं डोळे मिटून घेतले, आणि राधाकिशननंही मिटून घेतले. दोघांनी एकमेकांची लाज अशी राखली. आठवडाभरात लाज गेली आणि पाठदुखी आली. तिच्या दोन्ही लेकी सासरी, घरात तिसरं माणूस नाही. रानातली मजुरी बुडायला लागली. रात्री जेवायला बसलं की घास हातात धरूनच तिचा डोळा लागायचा.

तिनं त्याचं खाणंपिणं तोडलं असं नाही. पण करणं वेगळं आणि करताना तोंड कसं असतं ते वेगळं. भांडं ती जरा आपटूनच ठेवायची. तो काही सांगू लागला, की पहिला शब्द त्याच्या ओठांवर येईपर्यंत ती चुलीपाशी गेलेली असायची.

आणि मग झुंबरबाई यायला लागली.

झुंबरबाई जिवंतपणी कोणाच्या घरात शिरताना कडी वाजवायची नाही, हाक मारायची नाही. घसा साफ करायची. गीताबाईला तो आवाज भर दुपारी ऐकू यायला लागला. गल्लीत चिटपाखरू नाही, पत्रे तापून तडतडतायत, आणि ओट्याच्या बाजूनं, अगदी नेहमीसारखा, घसा साफ केल्याचा आवाज. ती बाहेर यायची तर ओट्यावर राधाकिशन एकटा, मान कललेली, उजव्या हातानं शेंगा फोडत बसलेला. त्याला ऐकू आलं की नाही ते त्याच्या तोंडावरून समजायचं नाही. कधी कोनाड्यापाशी मिश्रीचा वास यायचा. त्या घरात मिश्री कोणी लावत नव्हतं.

अंगणातल्या शेवग्यावर एक कावळा येऊन बसायचा. कावळे सगळ्यांच्याच झाडांवर बसतात, पण हा ओरडायचा नाही. भाकरीचा तुकडा टाकला तरी खाली यायचा नाही. नुसता बघायचा. गीताबाई राधाकिशनला भरवत असली की त्याची मान तिच्या हाताबरोबर वळायची. हळूहळू तिला अशी सवय लागली, की कावळा दिसला की ती डोक्यावर पदर घ्यायची, जसा मोठ्या बाईपुढं घ्यावा. आसारामनं एकदा ते पाहिलं. तो हसायला गेला आणि त्याचं हसू अर्ध्यात राहिलं.

गावानं मदत केली नाही असं म्हटलं तर तेही खरं नाही. समोरच्या बायनाबाईनं एकदा केली होती. वैशाखात गीताबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा बायनाबाईनं दुपारी राधाकिशनला भाकरी आणि ठेचा नेऊन दिला. संध्याकाळी तिची शेळी गाभडली. झालं. गावाला अर्थ लागला: शब्द आसारामनं दिलाय, झुंबरबाईला त्याच्याच घरचा हात पाहिजे, दुसऱ्या कोणी मध्ये हात घातला की शब्द मोडला, आणि शब्द मोडला की ती परत फिरली. तेव्हापासून राधाकिशनला कोणी तांब्याभर पाणी देईना. ओट्यासमोरून जाताना माणसं चपला हातात घेतल्यासारखी हळू चालायची. त्यांचा जीव दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. पण भ्यालेल्या माणसाची मदत आणि दुष्टाची मदत, ज्याला लागते त्याला सारखीच.

आषाढात एकदा गीताबाईचा तोल गेला. सकाळपासून दोनदा धोतर बदलून झालं होतं, तिसऱ्यांदा तो अंगणातच ओला झाला. ढग फाटून कडक ऊन पडलं होतं. ती म्हणाली, बसा असेच, आणि खुरपं उचलून रानात निघून गेली. दिवसभर तिनं तूर खुरपली. दिवसभर मानेवर कोणाची तरी नजर होती. मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही.

दिवस मावळताना ती परतली तेव्हा राधाकिशन अंगणात नव्हता. ओट्यावर, सावलीच्या बाजूला, भिंतीला टेकून बसला होता. अंगावर कोरडं धोतर, शेजारी पाण्याचा तांब्या. आसाराम तर देवगाव फाट्याला बैल बघायला गेलेला. तिनं विचारलं, "भावजी, कोणी उचललं तुमाला?"

राधाकिशनच्या ओठांची हालचाल सुरू झाली. पहिलं अक्षर घशात अडलं, मान वर ओढली गेली. आणि गीताबाईला एकदम वाटलं, की हा आता जे नाव घेईल ते आपल्याला ऐकायचं नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी आवाज चढवून बोलली नाही. भीतीनं आलेला चांगुलपणा होता तो. त्याला ते कळत होतं, आणि त्याला तो नको होता, हेही त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

श्रावणात एकदा ती त्याला अंगणातल्या मोरीतून उचलत असताना पाय घसरला आणि दोघंही चिखलात पडली. तिला उठता येईना, त्याला तर प्रश्नच नव्हता. तशात रस्त्यानं पंचफुला चालली होती, बौद्धवाड्यातली. तिनं डोक्यावरचं गवत खाली टाकलं, सरळ मोरीपाशी आली आणि राधाकिशनच्या काखेत हात घातले.

गीताबाई घाईघाईनं म्हणाली, "पंचफुला, नको. बाधंल तुला."

"बाधायला झुंबरबाई काय मला परकी हाय? खडीवर एका टोपल्याला हात लावलाय आमी. आन त्या पिंडाचं, भुताचं म्हनशील, तर आमी ते समदं छप्पन सालीच सोडलंय." मग राधाकिशनला म्हणाली, "धरा मानेला. त्या दिशी धरलं व्हतं तसं."

गीताबाईला त्या दिशीचा उलगडा झाला. आषाढातल्या त्या उन्हात त्याला सावलीत नेणारी ही होती. जे नाव ऐकायला आपण घाबरलो ते एवढं साधं होतं, आणि तो ते सांगत होता, आणि आपण दार लावून घेतलं. तिला स्वतःची चीड आली. चहा करताना पंचफुलाला कप कोणता द्यायचा हा विचार तिच्या मनात आला, हेही खरं; पण तो विचार पुरा व्हायच्या आत घरच्याच कपात चहा ओतून झाला होता, आणि पंचफुला तो पीत होती.

त्या दिवसापासून पंचफुला एक दिवसाआड कामावरून येता येता डोकवायला लागली. दोघी मिळून त्याला अंघोळ घालायच्या. गाव बघत होतं. आधी कोण कोणाला शिवलं याची चर्चा झाली. मग सगळ्यांचं लक्ष पंचफुलाच्या कोंबड्यांकडे लागलं. कोंबड्या मरेनात. उलट खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी फुटली आणि पिल्लं निघाली. गावानं यातूनही वाट काढली: त्यांच्यावर आपलं मेलेलं माणूस चालत नाही, असं ठरलं. म्हणजे आपण न येण्याची सोय पुन्हा झाली.

कावळा मात्र शेवग्यावरून हलला नाही. घसा साफ केल्याचा आवाजही थांबला नाही. पंचफुलाचा उलगडा झाला म्हणून झुंबरबाईचा झाला नव्हता.

भादव्यात मुकादम आला. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघणार होती, आणि आसारामचं जोडपं दरसालप्रमाणे टोळीत होतं. कोरडवाहू रानावर वर्ष निघत नव्हतं; सहा महिने कोयता धरला तरच चूल पेटायची. राधाकिशनला फडात न्यायचं म्हणजे उसाच्या पाचटाच्या खोपीत दिवसभर एकटं टाकायचं. इथं ठेवायचं तर कोणाकडे? आसाराम झुंबरबाईच्या भावकीत फिरून आला. दत्तराव म्हणाले, "आमी न्हाई कुठं म्हनतो? पन शबूद तुमचा हाय. उद्या आमच्या घरात काही झालं तर?" झुंबरबाईच्या खोलीत दत्तरावांनी कडबा भरून ठेवला होता, त्याबद्दल मात्र झुंबरबाईची त्यांना भीती वाटली नव्हती.

गीताबाईनं पंचफुलाला विचारलं. पंचफुला म्हणाली, "अंघोळीचं मी करीन. पन दिसभर मी मजुरीला असते. एकटीच्यानं न्हाई व्हायचं, गीताबाई. झुंबरबाईनं एकटीनं केलं, म्हून तर ती मेली."

त्या वाक्यानं गीताबाईची झोप उडाली. इतके दिवस ती झुंबरबाईला भीत होती. आता तिला दिसायला लागलं, की झुंबरबाई जिथून गेली त्या जागी आपण उभ्या आहोत. घसा साफ केल्याचा तो आवाज धमकीचा असेल असं तिनं धरून ठेवलं होतं. पण जिवंतपणी ती बाई दारात घसा साफ करायची ते काहीतरी मागायला यायची तेव्हा. मीठ, विस्तव, नाहीतर उचलायला एक हात. आणि आपण आतून म्हणायचो, काकू, हात कामात आहेत. हे आठवलं आणि गीताबाई ओट्यावर बसून रडली. राधाकिशन शेंगा फोडायचा थांबला आणि तिचं रडणं संपेपर्यंत तसाच बसला.

सर्वपित्री अमावस्या आली. झुंबरबाईचं वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं रीतीप्रमाणे तिचं पान ठेवायचं नव्हतं, आणि ठेवायचं तर भावकीनं. पण दसरा दहा दिवसांवर आला होता आणि रीत पुसत बसायला गीताबाईकडे वेळ नव्हता. तिनं पहाटेपासून रांधलं. भात, कढी, वडे, भोपळ्याची भाजी, गव्हाची खीर. राधाकिशन ओट्यावरून दोनतीनदा काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, थांबा भावजी, आधी काकूचं पान जाऊ द्या. दुपारी पान वाढून तिनं पत्र्यावर ठेवलं.

गावात सगळ्या घरांवर कावळे उतरले. बायनाबाईच्या सासऱ्यानं घास घेतला, दत्तरावांच्या आज्यापणज्यानं घेतला. गीताबाईच्या पत्र्यावर पान तसंच. शेवग्यावरचा कावळा बसला होता आणि बघत होता. आसाराम खाली हात जोडून उभा राहिला. म्हणाला, काकू, उसाला जात न्हाई मी, इथंच राहतो. कावळा हलला नाही. त्यालाही ते पटलं नसावं, कारण मग खायचं काय हे आसारामलाच ठाऊक नव्हतं. ऊन कलायला लागलं. खिरीवर साय धरली.

गीताबाईचा संताप तळपायातून वर आला. तो झुंबरबाईवर नव्हता. तिनं शिडीवर चढून पान खाली घेतलं आणि आसारामला म्हणाली, "भावजींना पाठीवर घ्या. चला मारुतीच्या पारावर."

पितरांचं जेवण जेवून गाव पारावर सुस्तावलेलं होतं. बायामाणसं पाराच्या पायरीला पाय लावत नसत. गीताबाई वर चढली, पान मधोमध ठेवलं आणि राधाकिशनला पानाच्या शेजारी बसवायला लावलं. कावळा तिच्या मागोमाग आला होता. तो पिंपळाच्या खालच्या फांदीवर बसला. तो सगळ्यांनी पाहिला आणि बोलणी थांबली.

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, पण मान खाली घातली नाही. म्हणाली, "त्या दिशी नदीवर ह्यांनी तोंड उघडलं, कावळा शिवला, आन तुमी समदे जेवायला बसलात. उपाशी तुमीबी व्हतात. ह्यांच्या शबदावर ज्यानं ज्यानं भाकर खाल्ली, तो त्या शबदात हाय. आमी दसऱ्याला जायलोत. आता तुमचं तुमी काकूला सांगा."

फांदी जराशी हलली. मग मागोमाग आलेली बायनाबाई पाराच्या पायरीखालूनच म्हणाली, दुपारची भाकर माझी. तिचा आवाज कापत होता. शेळीची आठवण तिला आली असणार. न्हाव्यानं दाढी आणि केस पत्करले. एका शेतकऱ्यानं सकाळी उचलून बाहेर आणायचं कबूल केलं, त्याच्या भावानं रात्री आत न्यायचं. पाराच्या खाली, दूर, बौद्धवाड्याकडच्या वाटेवर पंचफुला उभी होती. ती म्हणाली, अंघोळीचं मी मागंच सांगितलंय. आता कोणी कोंबड्यांचा विषय काढला नाही. दत्तराव सगळ्यांत शेवटी बोलले. कडबा काढून खोली मोकळी करून देतो म्हणाले. म्हणताना त्यांनी कावळ्याकडे बघितलं.

सगळं सांगून झालं. कावळा बसून होता.

आता मात्र भीती पारावर उतरली. आणखी काय पाहिजे या बाईला? कोणीतरी पुटपुटलं, एवढ्यानं भागत नसेल तर आपल्यातला एखादा नेईल ती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गीताबाई पानाशेजारी खाली बसली आणि तिला दिसलं, की राधाकिशनचे ओठ हलतायत. मान ताणलेली, घसा वरखाली होतोय. तो कितीतरी वेळ बोलायचा प्रयत्न करत होता.

ती म्हणाली, "बोला भावजी." आणि थांबली. ती थांबली म्हणून आसाराम थांबला, आणि मग सगळा पार थांबला.

राधाकिशन म्हणाला, "मला भूक लागली, वहिनी. सकाळपसून म्हनायलोय." पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. "आई माझ्या आधी कधीच जेवली न्हाई. आज कशी जेवंल?"

दत्तरावांना वाटलं, आपण वडीलधारे, आपण काहीतरी बोललं पाहिजे. ते जरा चाचरत म्हणाले, "मग नदीवर कशी काय शिवली रं?"

राधाकिशननं मान फिरवायचा प्रयत्न केला. ती पुरती फिरली नाही. तसाच, अर्धा त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "तवा तिला वाटलं, मला तुमी वाढताल."

नदीवर त्या दिवशी राधाकिशनला कोणी वाढलं होतं ते आठवायचा पारावरच्या प्रत्येकानं प्रयत्न केला. ज्याला त्याला वाटलं होतं, दुसऱ्यानं वाढलं असेल. आसारामला ढेकर देत वाळूतून परत येणं आठवलं, पोत्यावर तसाच बसलेला राधाकिशन आठवला, त्याला गाडीत घालणं आठवलं. मधलं काही आठवेना, कारण मधलं काही झालंच नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गीताबाईनं पान उचललं आणि राधाकिशनच्या पुढ्यात ठेवलं. "अगं, पितराचं पान ते," असं कोणीतरी म्हणायला लागलं होतं, पण पुरं म्हटलं नाही. राधाकिशननं उजवा हात पुढं केला. वडा मोडला, कढीत बुडवला, थरथरत तोंडाशी नेला. अर्धा सांडला. गीताबाईनं पदरानं त्याची हनुवटी पुसली.

कावळा कधी उतरला ते कोणाला कळलं नाही. तो पानाच्या पलीकडच्या कडेला बसला होता, राधाकिशनच्या हातापासून वितीवर. त्यानं भाताचं एक शित उचललं, मान वर केली आणि गिळलं. राधाकिशननं दुसरा घास घेतला. कावळ्यानं दुसरं शित. राधाकिशनला हसू आलं नाही की रडू आलं नाही. तो जेवत होता.

दिवस मावळतीला गेला. गुरं घरी परतत होती, धारा काढायच्या खोळंबल्या होत्या, कोणाच्या चुलीवर दूध उतू जात असेल. पण राधाकिशनचं जेवण होईपर्यंत पारावरून कोणी उठलं नाही. आणि राधाकिशनला जेवायला फार वेळ लागायचा.